आठव्या जनरेशनची रेघ

नागपुरात सीताबर्डीच्या मेन रोडवरून मोदी नंबरच्या गल्ल्यांत शिरले की कॉम्प्युटर दुरुस्तीच्या काउंटरवर एक वाक्य हमखास कानी पडते: 'विंडोज टाकून देतो ना भाऊ, संध्याकाळी घेऊन जा.' विदर्भातल्या कितीतरी छोट्या कार्यालयांचा कारभार वर्षानुवर्षे या एका वाक्यावर चालत आला. सिव्हिल लाइन्समधल्या हायकोर्टात दावे दाखल करणारे वकील, धंतोली-रामदासपेठेतले सीए, लग्नपत्रिका छापणारे डीटीपीवाले, टायपिंगच्या संस्था, वर्धा-भंडाऱ्याहून जुना लॅपटॉप पिशवीत घालून आलेले विद्यार्थी, सगळ्यांचे औषध बर्डीत मिळत असे. मशीन मंद झाले की फॉरमॅट मारायचा, रॅम वाढवायची, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकायची. पुढची तीन-चार वर्षे निर्धास्त.

हे औषध खोटे नव्हते. ज्या आजारावर ते चालत होते तो आजारच बदलला आहे, आणि काउंटरच्या अलीकडच्या व पलीकडच्या दोघांनीही त्याची पुरती दखल घेतलेली नाही.

ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लागणाऱ्या हार्डवेअरची यादी पूर्वी ताकदीची यादी असायची. विंडोज ९५ ला ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी रॅम लागे. २००१ सालच्या एक्सपीने २३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ६४ एमबी रॅम मागितली. व्हिस्टाच्या वेळी हीच मागणी ५१२ एमबीवर गेली आणि पहिल्यांदा मोठा बोभाटा झाला. व्हिस्टा बाजारात येण्याआधी, २००६ मध्ये, नव्या कॉम्प्युटरवर 'व्हिस्टा केपेबल' असे स्टिकर लावून विक्री झाली. प्रत्यक्षात त्यातल्या अनेक मशीनवर व्हिस्टाची सगळ्यात साधी आवृत्तीच काय ती चालली. जाहिरातीत दाखवलेले काचेसारखे चकचकीत रूप त्यांना झेपणारे नव्हते. २००७ मध्ये अमेरिकेत याविरुद्ध ग्राहकांनी खटला भरला. स्टिकरवरची क्षमता आणि टेबलावरची क्षमता यांतले अंतर तेव्हा न्यायालयापर्यंत पोचले.

त्यानंतर मात्र एक नवल घडले. २००९ च्या विंडोज ७ ने एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ३२ बिटसाठी १ जीबी, ६४ बिटसाठी २ जीबी रॅम मागितली, आणि २०१५ च्या विंडोज १० नेही तेवढेच मागितले. म्हणजे २००९ ते २०२१ या काळात प्रोसेसर आणि रॅमची यादी जवळपास जागची हलली नाही. आज काउंटरवर बसलेले बरेच कारागीर याच काळात तयार झाले. नवे विंडोज जुन्या मशीनवर बसतेच, फार तर रॅम वाढवावी लागते, ही त्यांची अनुभवाने पक्की झालेली समजूत होती.

२४ जून २०२१ ला विंडोज ११ ची घोषणा झाली आणि ही समजूत मोडली. कागदावर मागणी माफकच दिसते: एक गिगाहर्ट्झचा दोन कोअरचा ६४ बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा. खरी अट त्याखाली आहे. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी, मदरबोर्ड यूईएफआय पद्धतीने सुरू होणारा आणि सिक्युअर बूटची सोय असलेला हवा, आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टने मान्य केलेल्या यादीत हवा. इंटेलच्या बाबतीत ती यादी साधारण आठव्या जनरेशनपासून सुरू होते, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धापासून. एएमडीच्या बाबतीत रायझनच्या २००० मालिकेपासून.

ही रेघ ताकदीची नाही हे दोन मशीन शेजारी ठेवले की कळते. एकात २०१७ च्या सुरुवातीचा कोअर आय७-७७००: चार कोअर, आठ थ्रेड, १६ जीबी रॅम, एसएसडी. दुसऱ्यात सेलेरॉन एन४०२०: दोन कोअर, ४ जीबी रॅम आणि मदरबोर्डवरच डकवलेली ६४ जीबी ईएमएमसी साठवण. पहिल्यावर अख्खी स्मरणिका मांडून होईल. दुसऱ्यावर ब्राउझरचे चार टॅब आणि एक पीडीएफ उघडली की माउसचा बाण अडखळू लागतो. विंडोज ११ च्या नियमाने पहिले मशीन नापास आहे आणि दुसरे पास. दुसऱ्याची अडचण पुढे येते. मोठा अपडेट आला की ६४ जीबीत जागा उरत नाही, आणि रॅम वाढवू म्हटले तर बहुतेक वेळा ती सोल्डर केलेली असते. आवश्यकतेची यादी वाचून खरेदी करणाऱ्याला ती दोन्ही बाजूंनी फसवते. चांगले मशीन ती टाकाऊ ठरवते आणि दुबळ्याला पात्रतेचा शिक्का देते.

मग रेघ ओढली कशासाठी? मायक्रोसॉफ्टची बाजू अगदीच पोकळ नाही. टीपीएममध्ये डिस्कच्या कुलपाच्या किल्ल्या हार्डवेअरच्या पातळीवर जपता येतात, आणि मशीन सुरू होताना कोणी ढवळाढवळ केली आहे का हे पडताळता येते. विंडोजचा गाभा वेगळ्या कप्प्यात ठेवून त्याचे रक्षण करण्याची जी पद्धत विंडोज ११ वापरते, ती जुन्या प्रोसेसरवर मशीनला बरीच मंद करते. कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्ये असेही सांगितले की, चाचणीच्या काळात अपात्र मशीनवर गाभ्याच्या पातळीवरचे क्रॅश ५२ टक्के जास्त आढळले.

पण या समर्थनात फटी आहेत. २८ जुलै २०१६ पासून नव्या विंडोज मशीनमध्ये टीपीएम २.० असलेच पाहिजे असा नियम खुद्द मायक्रोसॉफ्टचाच होता. त्यामुळे सहाव्या-सातव्या जनरेशनच्या असंख्य मशीनमध्ये ती चिप आहे आणि तरीही प्रोसेसरपायी ती बाद झाली. गाभ्याच्या रक्षणाला वेग देणारी सोय इंटेलच्या सातव्या जनरेशनमध्ये आलेली होती. ती अख्खी जनरेशन बाहेर ठेवून यादीत जे मोजके अपवाद घेतले गेले, त्यांत आय७-७८२०एचक्यू होता, आणि तो मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सर्फेस स्टुडिओ २ मध्ये बसवलेला होता. रेघ कुठेतरी ओढावी लागते हे मान्य. ती नेमकी कुठे ओढली यात अभियांत्रिकीइतकाच व्यापारही आहे, हे ग्राहकाने समजून असावे. कॅनॅलिस या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज केला होता की या बदलापायी जगभरातले सुमारे २४ कोटी पीसी निकालात निघू शकतात.

ते निकालात निघालेले मशीन जाते कुठे, हा बर्डीच्या दृष्टीने कळीचा प्रश्न आहे. मोठ्या कंपन्या आपल्या लॅपटॉपचा ताफा ठरावीक वर्षांनी बदलतात आणि जुना माल रिफर्बिश्ड बाजारात उतरतो. चांगल्या बांध्याचे, मूळचे महागडे, म्हणून हे लॅपटॉप विद्यार्थ्यांना आणि छोट्या कार्यालयांना परवडतात. त्यात वाईट काही नाही. घोटाळा होतो तो 'आय५ आहे' एवढ्यावर सौदा पटतो तेव्हा. आय५ हे घराण्याचे नाव आहे, पिढी त्याच्या पुढच्या आकड्यात असते. आय५-६३००यू म्हणजे सहावी जनरेशन, आय५-८३५०यू म्हणजे आठवी, आय५-१०२१०यू म्हणजे दहावी. पाम रेस्टवरच्या निळ्या स्टिकरवर हा पूर्ण आकडा सहसा नसतो, आणि स्टिकर बदलायला काही लागत नाही.

मॉडेलच्या नावावरही विसंबू नये. लेनोव्होचे थिंकपॅड टी४७० आणि टी४८० काउंटरवर शेजारी ठेवले तर नवख्याला फरक सांगता येणार नाही. टी४७० रेघेच्या अलीकडे राहतो. टी४८० बहुतेक आठव्या जनरेशनचा असतो, पण तोही काही वेळा सातव्याच्या प्रोसेसरसह विकला गेला आहे. तेव्हा दुकानातच मशीन सुरू करून घ्यावे, विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबून 'एमएसइन्फो३२' टाइप करावे आणि तीन ओळी स्वतः वाचाव्यात: प्रोसेसरचा पूर्ण आकडा, बायॉस मोडपुढे 'यूईएफआय' आहे की 'लेगसी', आणि सिक्युअर बूटची स्थिती. मग तसेच 'टीपीएम डॉट एमएससी' उघडून आवृत्ती २.० आहे का ते पाहावे. दोन मिनिटांचे काम आहे. ते करू द्यायला जो विक्रेता कां-कूं करतो, त्याच्याकडून लॅपटॉप घेऊ नये.

'विंडोज ११ टाकलेलेच आहे, बघा चालू' हा पुरावा तर मुळीच धरू नये. अट चुकवून विंडोज ११ बसवता येते. रजिस्ट्रीत एक नोंद घालून किंवा पेन ड्राइव्ह बूटेबल करतानाच तपासण्या काढून टाकून चौथ्या जनरेशनच्या मशीनवरही ते उभे राहते. डेस्कटॉप दिसतो, वर्ड उघडतो, गिऱ्हाईक खूश होते. त्या दिवशी कळत नाही ते असे की मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही, आणि वर्षाकाठी येणारी नवी आवृत्ती त्यावर आपसूक उतरत नाही. दर वेळी पुन्हा कोणाला तरी बोलावून तीच कसरत करावी लागते.

ही कसरत कुठे संपते याचे उदाहरण ताजे आहे. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती प्रोसेसरमध्ये काही विशिष्ट आज्ञा असल्याशिवाय सुरूच होत नाही, आणि जुन्या कोअर टू ड्युओमध्ये त्या नाहीत. येथे रजिस्ट्रीची कोणतीही युक्ती कामाची नाही. अशा मशीनवर अट चुकवून २३एच२ बसवणाऱ्यांचे काय झाले? विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि २३एच२ च्या होम व प्रो आवृत्त्यांचा ११ नोव्हेंबर २०२५ ला. पैसे मोजून, डेटा हलवून, दोन दिवस काम बंद ठेवून त्यांनी महिनाही पुरता कमावला नाही. याउलट घरगुती विंडोज १० वर जो जागीच थांबला आणि वाढीव सुरक्षा अपडेटसाठी ज्याने नोंदणी केली, त्याला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत मिळाली, आणि सेटिंगचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडण्याची तयारी असेल तर तीही विनाशुल्क. कार्यालयांसाठी हीच सोय पहिल्या वर्षी दर मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट, अशी जास्तीत जास्त तीन वर्षे आहे. स्वस्त नाही. पण हा पर्याय आहे हे गिऱ्हाइकाला सांगणे दुकानदाराचे काम आहे. तो सांगितला की इन्स्टॉलेशनची मजुरी बुडते, म्हणून तो बहुधा सांगितला जात नाही.

अपडेट नसले तर बिघडते काय, हा प्रश्न बर्डीत रोज विचारला जातो. महाराष्ट्राने त्याचे उत्तर २०१७ मध्ये पाहिले आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका भोकाची दुरुस्ती मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही त्यांना मे महिन्यात वॉनाक्रायने गाठले. २७ जूनला त्याच भोकाचा फायदा घेणाऱ्या नॉटपेट्याने जगभर धुमाकूळ घातला, मर्स्क या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर कोलमडले आणि न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. त्या मालवेअरचे वैशिष्ट्य असे की, जाळ्यातल्या एका उघड्या मशीनमधून आत शिरल्यावर ते तिथले पासवर्ड उचलून दुरुस्ती केलेल्या मशीनमध्येही पसरे. दहा मशीनच्या कार्यालयात कोपऱ्यातले एक जुने मशीन 'फक्त प्रिंटसाठी' म्हणून तसेच ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. सीएच्या त्या मशीनमध्ये शेकडो अशिलांचे पॅन आणि विवरणपत्रे असतात, वकिलाच्या मशीनमध्ये पक्षकारांचे कागद. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अशा माहितीची वाजवी सुरक्षा राखण्याची जबाबदारी ती बाळगणाऱ्यावर टाकली आहे आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये ठेवली आहे. छोट्या कार्यालयाला एवढा दंड होईल असे नाही. पण 'दुकानदाराने टाकून दिले' हा बचाव तिथे चालणार नाही.

दुकानात बसवलेल्या विंडोज ११ चा आणखी एक धोका फारसा बोलला जात नाही. २४एच२ पासून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग इन करून कोरे इन्स्टॉलेशन केले तर पात्र मशीनची डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, होम आवृत्तीतसुद्धा. कुलूप उघडायची ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. आता विचार करा, वेळ वाचावा म्हणून कारागिराने दुकानाच्याच एखाद्या ईमेलने लॉग इन केले, मशीन परत दिले, मालकाने पुढे आपले खाते बनवून घेतले. वर्षभराने मदरबोर्ड बदलला किंवा टीपीएम रीसेट झाले की निळ्या पडद्यावर ४८ अंक मागितले जातात. ते मालकाकडे नसतात आणि दुकानात कोणाला आठवत नसतात. डिस्क धडधाकट असते आणि त्यावरचा प्रबंध, हिशेब, फोटो कायमचे गेलेले असतात. मशीन ताब्यात घेताना इन्स्टॉलेशन कोणाच्या खात्याने झाले हे विचारावे, आणि आपली रिकव्हरी की कागदावर छापून फायलीत लावावी.

'अ‍ॅक्टिव्हेट करून देतो' या मोफत सेवेबद्दलही तेच. बेकायदा अ‍ॅक्टिव्हेशनचे प्रोग्रॅम चालवताना सहसा अँटीव्हायरस बंद करावा लागतो, आणि तो बंद करण्याची जो प्रोग्रॅम अट घालतो त्याने आत आणखी काय सोडले हे तपासायची सोय उरत नाही. सुरक्षेसाठी विंडोज बदलायचे आणि बदलताना दारच काढून ठेवायचे, असा हा व्यवहार आहे.

उलट बाजूची चूकही तितकीच महाग पडते. अनेक आठव्या-नवव्या जनरेशनच्या डेस्कटॉपवर टीपीएम असते, पण बायॉसमध्ये बंद असते. इंटेलच्या बोर्डवर ते पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम या नावाने दडलेले असते. पडद्यावर 'हे मशीन पात्र नाही' असे आले की गिऱ्हाइकाला नवे घ्यायला सांगितले जाते, खरे तर काम एका सेटिंगचे असते. अर्थात तेही बेतानेच करावे. जुने इन्स्टॉलेशन लेगसी पद्धतीचे असेल तर आधी डिस्कची मांडणी एमबीआरवरून जीपीटीवर न्यावी लागते, त्याआधी बॅकअप घ्यावा लागतो. क्रम चुकला तर मशीन सुरूच होत नाही. बायॉस अपडेट करायचा असेल तर यूपीएसशिवाय हात लावू नये. उन्हाळ्यात ऐन दुपारी वीज गेली आणि अपडेट अर्धवट राहिला, तर बोर्डच निकामी होऊ शकतो.

ज्यांचे मशीन खरोखर रेघेच्या अलीकडे आहे त्यांच्यासाठी लिनक्स हा खरा पर्याय आहे, पण तोही डोळे उघडे ठेवून. लिनक्स मिंट २ जीबी रॅममध्ये बसते आणि ४ जीबीत बऱ्यापैकी चालते. ब्राउझर, ईमेल, युनिकोड मराठी, लिब्रे ऑफिस एवढेच काम असलेल्या विद्यार्थ्याचा सहाव्या जनरेशनचा लॅपटॉप त्यावर अजून बरीच वर्षे सुरक्षित राहू शकतो. मात्र टॅली, श्री-लिपी, पेजमेकर यांवर ज्यांचे पोट आहे त्यांना ते तसेच्या तसे तिथे मिळणार नाही. जुन्या कार्यालयांत हमखास दिसणारा कॅनन एलबीपी २९०० प्रिंटर लिनक्सवर चालवताना घाम काढतो. आणि लिनक्सच्याही रेघा सरकत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणे थांबवले. अ‍ॅपलनेही मॅकओएस २६ ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती असल्याचे जून २०२५ मध्ये सांगून टाकले. डॉसवरचे हिशेबाचे प्रोग्रॅम अजून वापरणाऱ्या व्यापाऱ्यांना तर विंडोज ११ वर थेट वाटच नाही. ते फक्त ६४ बिटमध्ये येते, आणि ६४ बिट विंडोज डॉसचे प्रोग्रॅम चालवत नाही. अशांनी ते मशीन इंटरनेट आणि नेटवर्क दोन्हींपासून तोडून, निव्वळ त्या कामापुरते ठेवावे.

तेव्हा काउंटरवर विचारायचा प्रश्न बदलायला हवा. 'यावर विंडोज ११ बसेल का?' याचे उत्तर जवळपास नेहमी 'हो' असेच येणार, कारण बसवता जवळपास काहीही येते. विचारायचे ते असे: यावर माझे रोजचे प्रोग्रॅम चालतील का, आणि याला सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेपर्यंत, कोणाकडून मिळतील? उत्तरातली तारीख बिलावर लिहून घ्यावी. सोबत प्रोसेसरचा पूर्ण आकडा, टीपीएमची आवृत्ती आणि इन्स्टॉलेशन अधिकृत मार्गाने झाले की अट चुकवून, हेही लिहून घ्यावे. बर्डीतल्या चांगल्या कारागिरांना यात अडचण नसावी. उलट हे चार तपशील लिहून देणारे दुकान आणि न देणारे दुकान यांतला फरक गिऱ्हाइकाला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसेल. शाळा, पतसंस्था आणि ग्रामपंचायतींच्या खरेदीत तर या चार ओळी निविदेतच असायला हव्यात. तिथे अजूनही 'आय५, ८ जीबी' एवढ्यावर माल उतरवून घेतला, तर आधाराची मुदत संपत आलेल्या मशीनचे पैसे जनतेच्या खिशातून जातील.